‘टाय-रॅड्स 4’ म्हणजे चौथी स्टेज नव्हे

बेळगावात वडगावला माझं मेडिकल आहे. औषध घ्यायला येतात त्याच्या निम्मे तरी लोक नुसता रिपोर्ट वाचून घ्यायला येतात. सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवरची पाटी कन्नडमध्ये, हातात पडणारा रिपोर्ट इंग्रजीत, आणि घरी जाऊन काळजी करायची ती मराठीत. मधे कुणीतरी वाचून सांगणारा लागतो. मला सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात. मी डॉक्टर नाही, डी. फार्म. झालेला माणूस आहे. काय घ्या, काय कापा हे मी सांगत नाही. कागदावर काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, एवढं मात्र सांगू शकतो.

परवा येळ्ळूरच्या काकू आल्या. वय 61. आधार कार्ड दाखवून फुकटच्या बसनं आल्या होत्या, बरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत फाईल. “काय लिवलंय बघा की ओ डॉक्टर. पोरगं म्हणतंय चौथी स्टेज हाय.”

कागदावर होतं ते असं: थायरॉईड ग्रंथीच्या उजव्या लोबमध्ये 6 बाय 4 मिलिमीटरची घन, हायपोएकोइक गाठ. टाय-रॅड्स 4. पोराने मोबाईलवर ‘4’ शोधलं आणि घरात रडारड झाली. त्या दिवसापासून काकूंनी बीपीची गोळीही बंद केली होती. का, तर “आता हे मोठं निघालंय, बीपीचं काय घेऊन बसायचं.”

काकूंना काही होत नव्हतं. गळा दुखत नव्हता, घास अडकत नव्हता, आवाज बसला नव्हता. गावात पतसंस्थेच्या वर्धापनदिनाचं आरोग्य शिबिर झालं. तिथं रक्त घेतलं आणि 999 रुपयांच्या पॅकेजमध्ये ‘नेक स्कॅन’चं, म्हणजे गळ्याच्या सोनोग्राफीचं, कूपन दिलं, एक काकूंना आणि एक काकांना. सोनोग्राफीचं मशीन 1994 च्या गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याखाली नोंदवलेलं असतं, ते सहज उचलून गावोगावी नेता येत नाही. म्हणून शिबिरात कूपन आणि तपासणी शहरात. कायदा मुलींच्या जिवासाठी झाला, पण त्याने काही गळेही वाचवले असतील असं मला कधी कधी वाटतं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. काही त्रास नसलेल्या माणसाने थायरॉईडची सोनोग्राफी करून घ्यावी का? उत्तर आहे, नाही. यात माझं मत कमी आणि जगाचा अनुभव जास्त आहे. पण ‘लवकर कळलं तर काय वाईट?’ हा प्रश्न माझ्याही डोक्यात बरीच वर्षं होता, त्यामुळे तो झटकून टाकणार नाही.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे म्हणतात, ‘तिला थायरॉईड आहे.’ थायरॉईड सगळ्यांनाच आहे! कंठमण्याच्या खाली, श्वासनळीला पुढून बिलगलेली फुलपाखरासारखी ग्रंथी, वजन साधारण 15 ते 25 ग्रॅम. तिचं काम हार्मोन तयार करणं. ते कमी झालं की माणूस सुस्तावतो, वजन वाढतं, थंडी वाजते, केस गळतात. जास्त झालं की छाती धडधडते, हात कापतात, वजन उतरतं. हे दुखणं कामातलं आहे आणि ते रक्तात कळतं, टीएसएच नावाच्या तपासणीत. भारतातल्या 8 शहरांत, त्यात आपल्या शेजारचा गोवाही होता, झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे 11 टक्के प्रौढांमध्ये हा मंदावलेपणा आढळला होता. म्हणजे आजार दुर्मिळ नाही. पण सोनोग्राफी ग्रंथीचा आकार दाखवते, गाठी दाखवते. ग्रंथी किती हार्मोन सोडते ते तिला दिसत नाही. गिरणीचा बाहेरून फोटो काढला म्हणून आत किती दळण निघतंय ते कळत नाही, तसंच. ‘थायरॉईड चेक करून घेतला’ म्हणणाऱ्याने नेमकं काय चेक केलं, हे विचारावं लागतं. काकूंच्या फाईलमध्ये टीएसएचचा कागदही होता, 2.8, अगदी ठीक. तो कुणी वाचलाच नव्हता.

आता तो चार आकडा. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने 2017 साली गाठींना गुण द्यायची एक पद्धत काढली, तिचं नाव टाय-रॅड्स. गाठ कशाने भरली आहे, किती काळी दिसते, आडवी आहे की उभी, कडा कशा आहेत आणि आत पांढरे ठिपके आहेत का, या पाच गोष्टींना गुण द्यायचे. काकूंची गाठ घन, म्हणून 2. आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा काळपट (हायपोएकोइक म्हणजे एवढंच), म्हणून आणखी 2. आडवी आहे, शून्य. कडा गुळगुळीत, शून्य. ठिपके नाहीत, शून्य. बेरीज 4. चार ते सहा गुण पडले की श्रेणी 4. कॅन्सरच्या स्टेजशी या चाराचा काडीचा संबंध नाही. हा संशयाचा आकडा आहे, आजार किती पसरला त्याचा नाही. या श्रेणीतल्या गाठींमध्ये कॅन्सर निघण्याची शक्यता 5 ते 20 टक्के धरतात, म्हणजे बहुतेक गाठी निरुपद्रवीच.

आणि श्रेणीच्या पुढे आकार बघायचा असतो, तो भाग पोराने वाचलाच नाही. श्रेणी 4 असेल तर सुई टोचून तपासायची ती गाठ दीड सेंटिमीटरची किंवा मोठी असेल तर. एक सेंटिमीटरच्या पुढे असेल तर अधूनमधून बघत राहायचं. काकूंची 6 मिलिमीटर, तुरीच्या दाण्याएवढी. त्या पद्धतीप्रमाणे सुई नको आणि पुन्हा सोनोग्राफीही नको. म्हणजे जिची दखल घ्यायचीच नव्हती ती वस्तू शोधायला 999 रुपये, आणि वर तीन रात्रींची झोप.

पण मुळात ही गाठ निघाली कशी? गळ्यावर जेल लावून जे यंत्र फिरवतात, त्याच्या आवाजलहरी इतक्या सूक्ष्म असतात की दोन-तीन मिलिमीटरचा ठिपकाही दिसतो. हाताने चाचपून ज्या गाठी लागतात त्या शंभरात पाचेक जणांना. तेच यंत्र फिरवलं तर सरसकट निवडलेल्या शंभर माणसांपैकी 19 ते 68 जणांना काही ना काही सापडतं, असं वेगवेगळ्या पाहण्या सांगतात. बायकांमध्ये जास्त, वय वाढेल तसं आणखी जास्त. खानापूरकडच्या जुन्या मातीच्या घरात रात्री बॅटरी भिंतीला चिकटवून मारली तर प्रत्येक भिंतीला भेगा दिसतील. घर चाळीस वर्षं उभंच आहे.

यापुढचा भाग मला पहिल्यांदा वाचताना पटला नव्हता. गाठी सोडा, खरोखरचा कॅन्सरही असाच लपून असतो. 1985 साली फिनलंडमध्ये दुसऱ्याच कारणांनी मेलेल्या 101 माणसांच्या थायरॉईड ग्रंथी अडीच-अडीच मिलिमीटरच्या चकत्या करून तपासल्या. 36 जणांमध्ये पॅपिलरी कॅन्सर (थायरॉईडच्या कॅन्सरचा सर्वात जास्त आढळणारा प्रकार) निघाला. म्हणजे तिघांत एकाला. ही माणसं तो कॅन्सर गळ्यात घेऊन जगली आणि वेगळ्याच कारणाने गेली. त्यांना तो कधी कळलाच नाही आणि न कळल्याने त्यांचं काही बिघडलंही नाही.

कॅन्सर हा शब्द ऐकला की आपल्याला एकच चित्र दिसतं, वणव्याचं. थायरॉईडचा पॅपिलरी कॅन्सर बहुतेकांमध्ये राखेखालच्या निखाऱ्यासारखा असतो, राखेखालीच विझून जाणारा. काहींमध्ये तो पेट घेतो, हेही खरं. पण पेट घेणारे वाट बघत नाहीत. ते गळ्यात दिसू लागतात, हाताला लागतात, वेगाने वाढतात. सरसकट यंत्र फिरवून सापडतात ते बहुतांश निखारे.

दक्षिण कोरियात हे सगळं एका देशाने अंगावर घेऊन पाहिलं. 1999 साली तिथं सरकारने कॅन्सर तपासणीची राष्ट्रीय योजना काढली. थायरॉईड त्या यादीत नव्हता. पण दवाखान्यांनी थोडे जादा पैसे घेऊन ‘आलाच आहात तर गळाही बघून घ्या’ सुरू केलं. आपल्या कूपनसारखंच. 2011 साली तिथं थायरॉईड कॅन्सरचं निदान होण्याचं प्रमाण 1993 च्या 15 पट झालं. एका वर्षात 40,000 हून जास्त माणसं. आणि या कॅन्सरने मरणाऱ्यांचं प्रमाण? जागच्या जागी. पंधरा पट शोध लागूनही मरण कमी झालं नाही, म्हणजे जे सापडलं त्यातलं बहुतेक मारणारं नव्हतंच.

सापडलेल्या जवळजवळ सगळ्यांचं ऑपरेशन झालं, त्यात दोन तृतीयांश लोकांची अख्खी ग्रंथी काढली. त्याची किंमत आकड्यात सांगतो आणि दुकानातलीही सांगतो. थायरॉईडच्या मागे तांदळाएवढ्या चार ग्रंथी चिकटलेल्या असतात, शरीरातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या. ऑपरेशनमध्ये त्यांना इजा झाली की बोटं आखडतात, ओठांना मुंग्या येतात. कोरियात हे 11 टक्के लोकांना झालं. आवाजाची नसही तिथूनच जाते, 2 टक्के लोकांची स्वरतंतूची हालचाल गेली. आणि बहुतेकांना हार्मोनची गोळी जन्मभर. ही गोळी सोपी वाटते. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, मग अर्धा-एक तास चहा नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर. पहाटे उठल्या उठल्या चहा लागणाऱ्या आपल्या माणसांना हे पाळायला काय पडतं, ते मला काउंटरवर दिसतं. अख्खी ग्रंथी काढलेल्या एक बाई माझ्याकडून कॅल्शियम नेतात. बाटली संपायच्या आठ दिवस आधी येतात. एकदा संपली होती, तेव्हा पोळ्या लाटताना लाटणं हातातून सुटलं, हे त्या अजून सांगतात. त्यांची गाठ मोठी होती, ऑपरेशन गरजेचंच होतं. पण काही होत नसणाऱ्यावर ही पाळी यावी का?

2014 साली कोरियातल्याच काही डॉक्टरांनी जाहीरपणे सांगितलं, निरोगी माणसांची ही तपासणी थांबवा. पुढच्या वर्षभरात थायरॉईडची ऑपरेशनं 35 टक्क्यांनी घटली. तपासणं कमी झालं, तसा कॅन्सरही ‘कमी’ झाला. असा कॅन्सर दुसरा कुठला असेल तर सांगा!

अमेरिकेत कुठल्या तपासण्या कराव्यात हे ठरवणारी एक स्वतंत्र तज्ज्ञ समिती आहे. तिने 2017 साली लक्षणं नसलेल्या प्रौढांच्या थायरॉईड कॅन्सर तपासणीला ‘डी’ दर्जा दिला. त्याचा अर्थ ‘पुरावा अपुरा’ असा नाही, ‘करू नका’ असा आहे. यात सोनोग्राफीही आली आणि उगाच गळा चाचपणंही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने तर 2018 मध्ये सांगितलं की अणुभट्टीचा अपघात झाला तरी अख्ख्या लोकसंख्येचे गळे सरसकट तपासू नयेत. अणुभट्टी फुटल्यावरही जे करू नका म्हणतात, ते येळ्ळूरच्या वर्धापनदिनाला पॅकेजमध्ये.

मग लोक म्हणतात, ‘पण लवकर सापडलेले जवळजवळ सगळे वाचतात की!’ वाचतात. पण हा आकडा फसवा आहे. समजा एखाद्या शाळेने एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, आपल्या पोरांबरोबर दुसरीकडची दोनशे हुशार पोरं बसवली. निकाल 60 चा 90 टक्के होईल, पेपरात फोटो येईल. पण त्या शाळेतली नापास होणारी पोरं तेवढीच नापास झाली. जे कधीच मरणार नव्हते अशा हजारोंना पेशंटांच्या यादीत घातलं की वाचणाऱ्यांची टक्केवारी आपोआप वाढते, आणि जीव एकाचाही जास्त वाचलेला नसतो. शिवाय ज्याचं ऑपरेशन झालं तो आयुष्यभर म्हणत राहतो, ‘शिबिरात गेलो म्हणून वाचलो.’ त्याला खोटं पाडायची सोय नाही. तो पुढच्या शिबिराला दहा जणांना घेऊन येतो.

आपल्या देशातही हे सुरू झालंय. तिरुवनंतपुरमच्या कॅन्सर नोंदींत बायकांमधला थायरॉईड कॅन्सर झपाट्याने वाढलेला दिसतो. केरळमध्ये दवाखाने भरपूर, तपासण्याही भरपूर.

आणि समजा, सुई टोचलीच आणि छोटा कॅन्सर निघालाच, तर? तरी लगेच कापायलाच पाहिजे असं नाही. जपानमध्ये कोबे शहरातल्या कुमा हॉस्पिटलने 1993 पासून एक सेंटिमीटरच्या आतल्या कमी धोक्याच्या कॅन्सरना ‘थांबून बघू’ असा पर्याय दिला. वर्षातून एक-दोनदा सोनोग्राफी, वाढला तर ऑपरेशन. 1,235 जणांच्या नोंदी त्यांनी छापल्या. दहा वर्षांत सुमारे 8 टक्के लोकांचा कॅन्सर 3 मिलिमीटर किंवा जास्त वाढला. थायरॉईडच्या कॅन्सरने मेला असा एकही नाही. सर्वात कमी वाढ कुणाची? साठीच्या पुढच्यांची. 2016 मध्ये तर थायरॉईडच्या एका गाठीच्या नावातूनच कॅन्सर हा शब्द काढून टाकण्यात आला, कारण तो शब्द घाबरवण्यापलीकडे काही करत नव्हता.

आता उलटी बाजू, कारण हे वाचून कुणी गळ्यातली खरी गाठ लपवून बसेल तर पाप माझ्या माथी. गळ्यात गाठ दिसत असेल, हाताला लागत असेल, भराभर वाढत असेल, आवाज आठवडेच्या आठवडे घोगरा असेल, गिळताना अडकत असेल, मानेच्या कडेला कडक अवधाण आली असतील, तर सोनोग्राफी करायचीच. लहानपणी डोक्या-मानेला रेडिएशन दिलं असेल किंवा घरात मेड्युलरी थायरॉईड कॅन्सर (घराण्यात चालू शकणारा प्रकार) होऊन गेला असेल, तरी डॉक्टरांना सांगायचं. तिथं सोनोग्राफीसारखं सोपं, वेदना नसलेलं, किरणोत्सर्ग नसलेलं साधन दुसरं नाही. साधन वाईट नाही. ज्याला काहीच होत नाही त्याच्यावर फिरवणं वाईट.

सगळ्याच तपासण्या अशा असतात असंही नाही. सरकारी केंद्रात तिशीच्या पुढच्यांचं बीपी, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख बघतात. त्या यादीत थायरॉईड नाही, आणि ते बरोबर आहे. निपाणीकडे तंबाखूत आयुष्य घालवलेल्या माणसाने तोंड उघडून दाखवणं हे गळ्यावर यंत्र फिरवून घेण्यापेक्षा कितीतरी कामाचं. त्याला कूपन नसतं, म्हणून कुणी जात नाही.

अजून एक गंमत. घाटमाथ्याला, जिथं पाऊस धो धो पडतो, तिथं मातीतलं आयोडीन धुऊन जातं आणि थायरॉईड फुगून गलगंड होतो, हे जुन्या लोकांना माहीत होतं. म्हणून मिठात आयोडीन आलं. 2006 पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला देशभर बंदी आहे. घरात पोचताना त्यात आयोडीनचं प्रमाण दहा लाखांत निदान 15 भाग असायला हवं. आता तब्येतीसाठी म्हणून घरोघरी सैंधव आलंय. रोजच्या आमटीत आयोडीन नसलेलं मीठ, आणि वर थायरॉईडचं पॅकेज. मी सैंधव विकतो, तरी सांगतो: उपासाला ठीक आहे, रोजच्याला आयोडीनचं वापरा, आणि डबा झाकून ठेवा.

काकूंना मी एवढं सगळं नाही सांगितलं. तुरीचा दाणा दाखवला, कागदावर 15 आणि 6 लिहून दाखवलं आणि म्हटलं, हे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरना दाखवा, टीएसएचच्या कागदासकट. डॉक्टरांनी गळा हाताने बघितला, आवाजाचं विचारलं, कागद परत दिला. काही करायचं नाही म्हणाले. काकू परत दुकानात आल्या, पण त्यांना ते काही पूर्ण पटलं नव्हतं. “एवढं मशीन लावून बघितलंय आणि काई करायचं न्हाई?”

पण जाताना त्यांनी पिशवीतून बीपीच्या गोळ्यांची रिकामी पट्टी काढून काउंटरवर ठेवली. दुकानात बीपी मोजला, वरचा 172. दोन पट्ट्या दिल्या. काकांचं कूपन त्यांनी माझ्याचकडे ठेवलं, “तुमीच बघा कुणाला लागलं तर” म्हणून. ते अजून काउंटरच्या काचेखाली आहे. मुदत 30 तारखेला संपली.